गोधडीवर क्रूस का नसतो

मिनियापोलिसच्या एका उपनगरात नुकत्याच राहायला आलेल्या ताईंनी विचारलं आहे: ‘घराजवळ लुथरन चर्च आहे. बुधवारी तिथे आजीबाई गोधड्या शिवतात, शनिवारी धान्यवाटप असतं, आणि मागच्या महिन्यात हेच लोक बस करून सेंट पॉलला विधिमंडळात गेले होते. शेजारीण मलाही बोलावते आहे. मी हिंदू आहे. हा धर्मप्रसार आहे का? मी गेले तर चालेल का? आणि सेवा करणाऱ्यांनी कायद्याच्या भानगडीत का पडायचं?’

ताई, जा. खुशाल जा. बाकीचं सावकाश सांगते, कारण तुमचा तिसरा प्रश्न पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा आहे आणि मला तो या शहरात बावीस वर्षं पुरला आहे.

मी इथल्या एका लुथरन मंडळीत सेवाकार्याची समन्वयक म्हणून काम करते. लुथरन म्हणजे सोळाव्या शतकातले जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या शिकवणीवर चालणारे ख्रिस्ती. मूळची नगरची. घर ख्रिस्ती, पण लुथरन नव्हे. आमचं सगळं अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं. त्यामुळे लुथरन म्हणजे काय ते मीही इथे येऊनच शिकले, तेही पुस्तकातून कमी आणि स्वयंपाकघरातून जास्त. ‘मंडळी’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत चर्चची इमारत वेगळी आणि मंडळी वेगळी. मंडळी म्हणजे माणसं. या उत्तरात जिथे जिथे मंडळी म्हणेन तिथे माणसंच समजा.

बुधवारच्या खोलीपासून सुरुवात करते, कारण तुम्ही पहिल्यांदा तिथेच जाल. तळघरात लांबलचक टेबलं असतात. जुन्या चादरी, पडदे, कुणाच्या तरी वारलेल्या नवऱ्याचे शर्ट, सगळं चौकोनात कापून रचलेलं असतं. गोधडीचं माप ठरलेलं: साठ इंच बाय ऐंशी इंच. वर तुकडे जोडलेला थर, मध्ये जुनं ब्लँकेट किंवा कापूस, खाली अखंड चादर. आपल्याकडे आजी धावदोऱ्याच्या ओळींवर ओळी घालत महिनाभर बसायची. इथे तसं नाही. दाभणासारख्या जाड सुईत मजबूत दोरा ओवायचा, तिन्ही थरांतून खाली-वर काढायचा, दुहेरी गाठ मारायची, कापायचा. पुन्हा पाच-सहा इंचांवर दुसरी गाठ. चौघीजणी चार बाजूंनी बसल्या की एका सकाळी दोन-तीन गोधड्या उरकतात. मग त्या ‘लुथरन वर्ल्ड रिलीफ’ या संस्थेकडे जातात. ही संस्था १९४५ साली युरोपातल्या युद्धग्रस्तांसाठी सुरू झाली. देशभरातल्या मंडळ्यांकडून तिच्याकडे दरवर्षी लाखांच्या हिशेबात गोधड्या जमतात आणि दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांत भूकंप, युद्ध, दुष्काळ असेल तिथे जातात. तिथे कुणी ती पांघरतं, कुणी दाराला लावतं, कुणी तिच्यात पोर पाठीला बांधतं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. या गोधड्यांवर क्रूस नसतो. बायबलचं वचन नसतं, कुठल्या देशाचा झेंडा नसतो, लष्करी हिरवट ठिपक्यांचं कापडही चालत नाही. गोधडी ज्याच्या अंगावर जाणार तो कुठल्या धर्माचा आणि कुठल्या सैन्यापासून पळालेला असेल ते आपल्याला माहीत नाही, म्हणून. माझ्या पहिल्या वर्षी एका नव्या बाईंनी मोठ्या हौसेने मधल्या चौकोनात पांढरा क्रूस शिवून आणला होता. टेबलाच्या टोकाला आमच्या सगळ्यांत वयस्क आजी बसल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, छोटी कात्री घेतली आणि एकेक टाका उसवून क्रूस सोडवला. त्या जागी निळ्या कापडाचा तुकडा लावला, आणि तो क्रूस नीट घडी करून त्या बाईंच्या पर्समध्ये ठेवला. त्या बाईंना राग आला नाही, रडू आलं. पुढे दहा वर्षं त्या दर बुधवारी यायच्या. ज्या आजींनी क्रूस उसवला, त्या दर रविवारी पहिल्या बाकावर असायच्या. श्रद्धा कमी म्हणून त्यांनी तो काढला नव्हता.

हे नीट कळायला मार्टिन ल्यूथरचं एक म्हणणं लक्षात घ्यावं लागतं. १५१७ साली विटेनबर्गमध्ये त्यांनी ९५ मुद्दे मांडले, हे बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते १५२० सालचं त्यांचं लेखन. ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा धनी आहे, कुणाचा ताबेदार नाही. आणि ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा दास आहे, प्रत्येकाचा ताबेदार आहे. ही दोन्ही वाक्यं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. पहिल्याचा अर्थ असा की देवाची कृपा फुकट मिळालेली आहे. दानधर्म करून, उपास करून, तीर्थयात्रा करून ती कमवायची नाही, कमवता येतही नाही. मग चांगलं काम करायचं कशाला? तर शेजाऱ्याला त्याची गरज आहे म्हणून. देवाला नाही, शेजाऱ्याला.

आपल्या मनात सेवा आणि पुण्य यांची गाठ इतकी घट्ट असते की हे पचायला वेळ लागतो. मलाही लागला. आमच्या घरी भुकेल्याला जेवू घातलं की ‘देव बघतोय’ असं म्हणायची पद्धत होती. इथल्या पाळकबाईंनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, मला पहिल्याच महिन्यात सांगितलं की धान्याच्या रांगेत उभा असलेला माणूस आपल्या स्वर्गाची शिडी नाही. त्या एका वाक्याने माझ्या कामाची पद्धत बदलली. पुण्य कमवायचं नसेल तर घेणाऱ्याने कृतज्ञ असायची सक्ती उरत नाही. त्याने प्रार्थना ऐकावी, येशूचं नाव घ्यावं, हसून आभार मानावे, यातलं काहीही मागायचा हक्क आपल्याला उरत नाही.

पण नुसत्या चांगल्या मनाने काम चांगलं होत नाही, हेही मी इथेच शिकले. आमचं धान्यवाटप सुरुवातीला अगदी वाईट चालायचं. आम्ही पिशव्या भरून ठेवायचो, सगळ्यांना सारख्या. त्यात डबाबंद घेवडा असायचा, डुकराचं मांस घातलेला. आमच्या भागात सोमाली कुटुंबं पुष्कळ. त्या बाया पिशवी निमूटपणे घ्यायच्या, मान लववून जायच्या. एका शनिवारी मी दुपारी बसस्टॉपवर गेले तर बाकावर घेवड्याचे सात डबे ओळीने मांडून ठेवलेले. फेकले नव्हते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडावेत म्हणून लेबलं पुढे करून नीट लावले होते. ज्यांना आम्ही खायला न येणारं अन्न देत होतो, त्या आमच्यापेक्षा जास्त विचारी निघाल्या. मला तिथे उभं राहून लाज वाटली. त्यानंतर आम्ही पिशव्या बंद केल्या आणि दुकानासारखी फळ्यांवर मांडणी केली: ज्याला जे हवं ते त्याने उचलावं. मसूर, तांदूळ, तेल, कांदे पहिल्या तासात संपायला लागले. दोन वर्षांनी त्या रांगेतल्या दोघीजणी आमच्या समितीत आल्या. काय विकत घ्यायचं हे आता त्या ठरवतात.

याचंही मूळ जुनं आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीत लायस्निग नावाचं छोटं गाव आहे. १५२३ साली तिथल्या लोकांनी धर्मसुधारणेनंतर चर्चच्या उत्पन्नाचं काय करायचं याचे नियम लिहिले आणि ल्यूथरनी त्याला प्रस्तावना जोडली. सगळा पैसा एका सामायिक पेटीत ठेवायचा. कारभारी दहा: दोन सरदारांतले, दोन नगरसभेतले, तीन गावचे सामान्य नागरिक आणि तीन आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. पेटीला चार वेगवेगळी कुलपं, चारही गटांकडे एकेक किल्ली. चौघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायचीच नाही. वर्षातून तीनदा सगळ्या गावासमोर हिशेब. पेटीतून पाळकाचा पगार, मुलामुलींच्या शाळा, पोरकी मुलं, थकलेली माणसं, दुष्काळासाठी धान्यसाठा. आणि धंद्यासाठी अडलेल्या कारागिराला बिनव्याजी कर्ज, मग तो गावचा असो की नव्याने आलेला.

मला ती चार कुलपं फार आवडतात. पाचशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या हातात धर्मादायाच्या पेटीची किल्ली! प्रत्यक्षात लायस्निगचा कारभार अडखळलाच. नगरसभेने मालमत्ता हवाली करायला का-कू केलं आणि ल्यूथर त्यावर चिडलेही. म्हणजे समितीतली भांडणंही पाचशे वर्षांची आहेत. पण कल्पना टिकली आणि जर्मनीतल्या गावागावांत वेगवेगळ्या रूपांनी रुजली. तुम्ही कुठल्याही मंडळीच्या सेवाकार्यात गेलात तर एवढं बघा की किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत. सगळ्या किल्ल्या देणाऱ्यांकडेच असतील तर काहीतरी चुकतंय.

मधल्या तीनशे वर्षांचा इतिहास मी इथे सांगत बसत नाही. फक्त दोन गोष्टी. १८३६ साली ऱ्हाइनकाठच्या कायझर्सवेर्थ गावात फ्लीड्नर दांपत्याने अविवाहित बायकांना परिचर्येचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथेच शिकायला गेल्या होत्या, आणि तिथल्याच चार सेविकांना १८४९ मध्ये पाळक विल्यम पॅसाव्हंट यांनी पिट्सबर्गला आणलं. दुसरी गोष्ट आपल्या मिनेसोटातली. १८६५ मध्ये वासा नावाच्या स्वीडिश वस्तीत पाळक एरिक नोरेलियस यांनी चार पोरक्या मुलांना चर्चच्या तळघरात आसरा दिला. आजची ‘लुथरन सोशल सर्व्हिस ऑफ मिनेसोटा’ ही एवढी मोठी संस्था त्या तळघरातून वाढली. हे अभिमानाने सांगितलं जातं, सांगावंही. पण त्याच्या जोडीला मी नव्या स्वयंसेवकांना हेही सांगते की ही जमीन इथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांची होती. वासाच्या तीनच वर्षं आधी, १८६२ च्या डिसेंबरात, मॅन्केटोला ३८ डकोटा पुरुषांना एकाच दिवशी फाशी दिलं गेलं आणि पुढच्या वर्षी त्यांच्या लोकांना राज्याबाहेर हाकललं. पोरक्या मुलांना जवळ घेणारे हात आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधणारे हात एकाच वस्तीतले होते. हे माहीत असलेलं बरं. सेवेचा अहंकार चढत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. सेवा ठीक, पण विधिमंडळात कशाला?

मराठी प्रार्थनेत आम्ही म्हणतो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ ल्यूथरनी १५२९ साली घराघरांत शिकवण्यासाठी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, त्यात या ओळीचा अर्थ विचारला आहे. रोजची भाकर म्हणजे काय? उत्तरात अन्न, कपडे, जोडे, घर, शेत, गुरं, पैसा तर आहेच. पुढे चांगले राज्यकर्ते, चांगलं सरकार, चांगलं हवामान, शांतता, आरोग्य, विश्वासू शेजारीसुद्धा आहेत. सगळं भाकरीत मोडतं. मोठ्या प्रश्नोत्तरीत तर त्यांनी म्हटलंय की राजांच्या ढालीवर सिंहाऐवजी भाकरीचं चित्र काढावं, म्हणजे आपण कशासाठी गादीवर आहोत हे त्यांच्या लक्षात राहील. ‘चोरी करू नको’ या आज्ञेचा अर्थही त्यांनी नुसता खिशात हात घालू नको एवढाच ठेवला नाही. शेजाऱ्याचं जे आहे ते टिकवायला, वाढवायला त्याला मदत कर, असा तो आहे. बाजारात उजळ माथ्याने लुबाडणाऱ्यांना त्यांनी खुर्चीत बसलेले दरोडेखोर म्हटलं. हे शिकलेली मंडळी फक्त धान्य वाटून थांबली, तर तिने आपलीच प्रश्नोत्तरी अर्धी वाचली.

एक उदाहरण जवळून सांगते. आमच्या शनिवारच्या फळ्यांजवळ एक बाई यायच्या, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या. पगार होता, तरी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घरात काही नसायचं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी सांगितलं. गाडी बिघडली तेव्हा कोपऱ्यावरच्या एका दुकानातून त्यांनी ४०० डॉलर उचलले होते. अशा कर्जाला इथे ‘पेडे लोन’ म्हणतात. पुढचा पगार झाला की मुद्दल आणि फी एकदम खात्यातून कापून जाते. ती गेली की भाड्याला पैसे उरत नाहीत, म्हणून त्याच दिवशी पुन्हा ४०० उचलायचे. दर पंधरवड्याला अडतीस डॉलर फी. अकरा महिन्यांत त्यांनी नऊशे डॉलरांच्या वर फी भरली होती आणि मुद्दल जागच्या जागी होतं. वार्षिक दर काढला तर दोनशे टक्क्यांच्या वर, आणि तेव्हा ते कायदेशीर होतं. मी नगरकडची, सावकार, गहाणखत, मुद्दलाला हात न लागणारं व्याज हे मला समजावून सांगावं लागलं नाही. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या का जाळल्या हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. इथे दुकान एसीचं आणि काउंटरमागची मुलगी गोड बोलणारी, एवढाच फरक.

आम्ही तिला आणखी तांदूळ देऊ शकलो असतो. देत होतोच. पण खरं पाहता आमचे तांदूळ त्या दुकानाची फी भरत होते. हे एकदा लक्षात आलं की मग गप्प राहता येत नाही.

याच शहरात, ईस्ट थर्टीफर्स्ट स्ट्रीटवरच्या होली ट्रिनिटी लुथरन चर्चने याचं जे केलं ते मला आदर्श वाटतं. त्यांच्याही परिसरात असं कर्जाचं दुकान होतं. नुसता निषेध न करता त्यांच्यातल्या लोकांनी ‘एक्झोडस लेंडिंग’ नावाची ना-नफा संस्था उभी केली आणि २०१५ पासून कर्जं द्यायला सुरुवात केली. माणूस पेडे लोनमध्ये अडकला की संस्थेने हजार डॉलरपर्यंतचं ते कर्ज फेडून टाकायचं, आणि त्याने संस्थेला बारा महिन्यांत, बिनव्याजी, हप्त्याहप्त्याने परत करायचं. लायस्निगच्या पेटीतलं बिनव्याजी कर्ज पाचशे वर्षांनी मिनियापोलिसमध्ये पुन्हा निघालं! पण एकेक माणूस सोडवताना त्यांना दिसलंच की मागचं दार उघडं आहे. एक सुटतो तोवर दहा अडकतात. म्हणून मंडळ्या, कामगार संघटना, कायदेसाहाय्य करणारे वकील आणि कर्जात पोळलेले लोक वर्षानुवर्षं सेंट पॉलला जात राहिले. विधेयक येई, अडे, पुढच्या वर्षी पुन्हा येई. अखेर २०२३ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून मिनेसोटात अशा कर्जांवर फीसकट वार्षिक ५० टक्क्यांची मर्यादा आली. मला ५० टक्केही जास्त वाटतात. पण दोनशेवरून पन्नास.

आमच्या त्या रात्रपाळीच्या बाईंनी समितीसमोर साक्ष द्यायची असं ठरवलं, तेव्हाची एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. साक्षीला दोन-तीन मिनिटंच मिळतात. चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही अंडी उकडायचा टायमर लावून तालीम घेत होतो. त्या सुरुवात करायच्या आणि प्रत्येक वेळी पहिलं वाक्य माफीचं निघायचं: ‘चूक माझीच होती, पण…’ पाळकबाई भांडी पुसत होत्या. त्या वळून म्हणाल्या, ‘ते वाक्य काढून टाका. फक्त आकडे सांगा.’ बाईंनी कागदावर ती ओळ पेनाने खोडली आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: कर्ज ४००, फी ९१२. सुनावणीच्या दिवशी त्यांनी तो कागद आमदारांसमोर धरला. आवाज कापत होता, कागद नाही. भाषण आमच्यापैकी कुणीही छान केलं असतं. पण आमचं काम तिला घेऊन जाणं, शेजारी बसणं आणि तेवढा वेळ तिची मुलं सांभाळणं हे होतं. माझ्या मते इतरांच्या वतीने न्याय मागण्याचं काम करणाऱ्याने हे पहिल्या दिवशी शिकावं: ज्याचं दुःख त्याच्या तोंडात माइक.

तुम्हाला वाटेल हे राजकारण झालं. धोरणाचं राजकारण आहे, पक्षाचं नाही, आणि ती रेघ आम्ही काटेकोर पाळतो. करमाफी असलेल्या संस्थांनी उमेदवाराच्या प्रचारात पडू नये हा इथला १९५४ पासूनचा कायदा. मुद्द्यावर, विधेयकावर बोलायला मर्यादेत मुभा आहे. दुसरं म्हणजे पाळकाच्या मनात आलं म्हणून मंडळी उठून विधिमंडळात जात नाही. ‘इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका’ हा इथला सगळ्यांत मोठा लुथरन गट. तो तीन गट एकत्र येऊन १९८८ पासून काम करतो. पर्यावरण, आर्थिक जीवन, फौजदारी न्याय अशा विषयांवर त्याची सविस्तर निवेदनं आहेत. प्रत्येक निवेदन काही वर्षं मंडळ्यांमध्ये चर्चेला फिरतं आणि महासभेत दोन-तृतीयांश मतं मिळाली तरच मंजूर होतं. आमची मागणी त्या चौकटीत बसते का हे आधी बघितलं जातं. काम संथ चालतं, कंटाळवाणंही होतं. पण त्यामुळे उद्या पाळक बदलला तरी भूमिका बदलत नाही.

सगळे लुथरन याला राजी आहेत असं मात्र समजू नका. मिसुरी सिनड हा इथला दुसरा, जास्त परंपरावादी लुथरन गट. त्याच्या मंडळ्या सेवा भरपूर करतात, आपत्तीत सगळ्यांत आधी पोहोचणाऱ्यांत त्या असतात. पण चर्चने संस्था म्हणून कायद्यावर बोलण्याबाबत त्या खूप हात राखून असतात. देव दोन हातांनी जग चालवतो, एका हाताने शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, आणि दुसऱ्याने राज्यसत्ता, अशी ल्यूथरची मांडणी आहे. कुणी म्हणतं, म्हणून चर्चने राज्याच्या कामात नाक खुपसू नये. मी म्हणते, दुसरा हातही देवाचाच असेल तर तो कुणाचा गळा आवळतोय हे सांगायला नको का? या मांडणीच्या आड लपून जर्मनीतल्या कितीतरी लुथरनांनी हिटलरपुढे मान तुकवली. आणि त्याच परंपरेतला पाळक डिट्रिश बॉनहोफर त्याला विरोध करून १९४५ मध्ये फासावर गेला. खुद्द ल्यूथरनी १५२५ च्या उठावात शेतकऱ्यांविरुद्ध सरदारांची बाजू घेतली आणि म्हातारपणी ज्यूंबद्दल भयंकर लिहिलं. त्या लिखाणाचा आमच्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चने १९९४ साली जाहीर धिक्कार केला. मी या परंपरेवर प्रेम करते, म्हणूनच हे दडवत नाही.

आता पुन्हा धर्मप्रसाराकडे, कारण तुमच्या मनातून तो विषय गेला नसेल. लुथरन मिशनरी आपल्या देशात १७०६ साली तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ट्रांकेबारला उतरले ते धर्मप्रसारासाठीच. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यातलेच एक ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ तंजावरला राहिले. तिथे राज्य भोसल्यांचं, दरबाराची भाषा मराठी. हैदरअलीच्या स्वारीनंतर दुष्काळ पडला तेव्हा किल्ल्यात धान्य आणायला शेतकरी तयार होईनात, कारण दरबार पैसे देईल यावर विश्वास नव्हता. श्वार्ट्झनी शब्द दिला तेव्हा बैलगाड्या आल्या. पुढे तुळजाराजांचा दत्तक मुलगा सरफोजी याचा हक्क डावलला गेला, त्याचे हाल होऊ लागले, तेव्हा या म्हाताऱ्याने कंपनी सरकारकडे त्याची बाजू लावून धरली, त्याला मद्रासला सुरक्षित हलवलं, शिकवलं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. त्याच वर्षी श्वार्ट्झ वारले आणि राजांनी त्यांच्यासाठी लंडनहून शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक घडवून आणलं. सरस्वती महाल ग्रंथालयाला नावारूपाला आणणारे ते हेच सरफोजी. ते शेवटपर्यंत हिंदू राहिले. भुकेल्याला धान्य, अन्याय झालेल्यासाठी सरकारदरबारी रदबदली, आणि समोरच्याने धर्म बदलला नाही तरी माया तशीच. तुमच्या शेजारणीचं चर्च बुधवारी, शनिवारी आणि बस करून गेलं त्या दिवशी जे करतं ते हेच तर आहे.

तरी तुम्ही डोळे उघडे ठेवून जा. धान्य देण्याआधी कुणाला प्रार्थनेला बसवत असतील, तर सरळ उठून या. सरकारी पैशांतून चालणाऱ्या वाटपात तर ते नियमाविरुद्धच आहे. कुणी प्रेमाने रविवारच्या उपासनेला बोलावलं तर त्यात वावगं काही नाही; जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आणि ‘नाही’ म्हटल्यावर बुधवारचा चहा पूर्वीसारखाच मिळतो का ते पाहा. आमच्याकडे गोधड्यांच्या टेबलाला दोन मुस्लिम बायका आणि एक निवृत्त ज्यू शिक्षक बसतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. फक्त त्या शिक्षकांच्या गाठी सुटतात, म्हणून आजी त्या पुन्हा मारतात.

निर्वासितांच्या कामात हात लावता आला तर जरूर लावा. लुथरनांनी १९३९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था काढली, २०२४ पासून तिचं नाव ‘ग्लोबल रेफ्यूज’. आपल्या राज्यातली किती व्हिएतनामी, ह्मोंग, सोमाली कुटुंबं कुठल्या ना कुठल्या मंडळीच्या जुन्या सोफ्यावर पहिल्यांदा बसली असतील! २०२५ च्या जानेवारीत सरकारने निर्वासितांचा प्रवेश थांबवला आणि हे काम एका फटक्यात आकसलं. तरी आधी आलेली माणसं इथेच आहेत. त्यांना बँकेत, शाळेत, दवाखान्यात सोबत लागते. तुम्ही स्वतः नुकत्याच परदेशात येऊन पोचलेल्या, बर्फात पहिल्यांदा पाय ठेवलेल्या. थर्मोस्टॅट कसा लावायचा हे नव्या माणसाला तुमच्यापेक्षा चांगलं कोण समजावणार?

आणि बसने सेंट पॉलला जायचं की नाही, ते लगेच ठरवू नका. तुम्ही नागरिक नसाल तरी आमदाराला भेटून बोलता येतं, मतदान तेवढं करता येत नाही. पण आधी सहा महिने शनिवारी फळ्यांपाशी उभ्या राहा. कोण येतं, पुन्हा पुन्हा का येतं, ते विचारा. शाळेतल्या जेवणाचंच बघा: मंडळ्या मुलांची थकलेली बिलं भरत होत्या, दर वर्षी नवी थकत होती. मार्च २०२३ मध्ये मिनेसोटाने शाळेत न्याहारी आणि दुपारचं जेवण सगळ्या मुलांना मोफत केलं, आणि तो खड्डा बुजला. ज्यांनी बिलं भरली होती त्यांनाच विधिमंडळात बोलताना नेमके आकडे माहीत होते. फळ्यांपाशी उभं न राहता थेट बसमध्ये चढणारे लोक मी पुष्कळ पाहिले. घोषणा जोरात देतात, पण आमदाराने उलट प्रश्न विचारला की गप्प होतात.

बुधवारी सकाळी साडेनऊला जा. सुई तिथे मिळते, पण अंगठ्याला लावायला टोपण घरून न्या. त्या जाड सुईने बोट फुटतं. आणि कपाटात जुन्या सुती साड्या असतील तर त्याही न्या. मागच्या थराला सहावारी इतकी छान बसते की आमच्याकडे आजीबाई माझ्याकडे दर हिवाळ्यात मागतात.